शनिवारचं वजन

“पोर वर ऱ्हातीया, मालक. दोन रत्तल कमी करू का?”

“नको. काटा बसला म्हण.”

हे बोलणं माझ्या पाठीमागे झालं. अब्बांच्या तांदळाच्या दुकानात पोती तोलायचा मोठा तराजू होता. त्याच्या एका फळीवर मी पाय आखडून, दोन्ही साखळ्या धरून बसले होते. दुसऱ्या फळीवर लोखंडी मापं होती. मापांची फळी जमिनीला टेकली होती आणि मी अधांतरी होते. मी त्या मापांपेक्षा हलकी आहे हे कळायला इंग्रजी शाळेत जावं लागत नाही.

धोंडूभाऊ अब्बांचे मापाडी. टाकवे बुद्रुकचे. मावळातला आंबेमोहर आमच्याकडे यायचा तो वीस वर्षं त्यांच्याच हातून तोलला जात होता. ते म्हणाले, “बसला.”

“किती?”

“शाण्णव.”

“गेल्या शनिवारपेक्षा एक रत्तल वाढलं,” अब्बा आता मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले. “उतर रशीदा. अम्माला सांग जा.”

लोणावळ्याच्या बाजारात अब्बांचा तांदूळ कुणी दुसरीकडे नेऊन पुन्हा तोलून पाहत नसे. बंगल्यांचे खानसामे तर तोलताना पाहायलाही थांबत नसत. अशा माणसाने मापात खोटं केलं होतं. मला राग आला नाही, भीती वाटली. मी आत जाऊन अम्माला शहाण्णव सांगितलं आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. तिला माहीत होतं की नव्हतं, ते कळलं नाही.

*

ही गोष्ट जर्मनीशी लढाई सुरू होण्याच्या दोनेक वर्षं आधीची. मला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं. आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात कामशेतच्या एक बाई मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीच्या मानेला मला होती तशीच गाठ, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नावही तेच. बाईंनी बसता बसता विचारलं, “डॉक्टरला काय सांगायचं आणि काय न्हाई, तेवढं सांगा.”

मला त्यांना धड काही सांगता आलं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्यासाठी, आणि असा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या आणखी कुणासाठी.

*

गाठ सापडली ती रमजानात. ओढणी नीट करताना डाव्या बाजूला मानेवर बोटांना काहीतरी लागलं. रबरासारखं, सुपारीएवढं, अजिबात न दुखणारं. मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. वजन उतरलं होतं, ते सगळ्यांनी रोज्यांवर टाकलं. ईद होऊन महिना गेला तरी सलवारीची नाडी मी आणखी आवळतच होते, पण महिना कुणी मोजला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी गंडमाळ म्हटलं, माशाचं तेल दिलं आणि हवापालट करायला सांगितलं.

“हवा खायला मुंबईचे लोक आपल्याकडे येतात,” अम्मा म्हणाली. “आपण कुठं जायचं?”

शेवटी आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या एका इस्पितळात गाठ काढून तपासली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी नाव सांगितलं, हॉजकिनचा आजार. अम्माने विचारलं, हा साहेब कोण. डॉक्टर म्हणाले, ज्याने हा आजार पहिल्यांदा ओळखला तो, शंभर वर्षांपूर्वीचा. अम्मा म्हणाली, “मग औषधही त्यानेच शोधायचं होतं.” डॉक्टर हसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते जरा जास्तच वेळ हसले.

मग मला पडद्यापलीकडच्या बाकावर बसवलं. पडदा कापडाचा होता. मोठ्या माणसांना कापडाबद्दल फार भरवसा असतो.

“मुलगी आहे, ते बरं,” डॉक्टर सांगत होते. “बायकांत हा आजार जरा सावकाश चालतो असं आमचं निरीक्षण आहे. वय कमी आहे, तेही बरं. गाठी मानेच्या एकाच बाजूला आहेत. छातीचा फोटो साफ आला. ताप नाही, घाम नाही, खाज नाही. वजन मात्र उतरलेलं दिसतं.”

“ते रोज्यांमुळे, साहेब,” अब्बा म्हणाले.

“असेल. आपण मानेला क्ष-किरण देऊ. नंतर दर शनिवारी वजन करा. इस्पितळाचा काटा आणि घरचा काटा जुळत नाही, म्हणून घरचाच धरू. एकच काटा, तेच कपडे. ताप रोज बघा. सगळं मला पत्राने कळवत जा.”

“आणि ताप आला, तर?”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावल्याचा आवाज झाला. “आला तर बघू,” ते म्हणाले.

*

बाहेर आमच्या शेजारी सोमाटण्याची एक मावशी तिच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा पंचविशीचा, उंच. एकेकाळी अंगाने भरलेला असावा, कारण कोट त्याचाच होता आणि त्यात आणखी एक माणूस मावला असता. मावशीच्या हातात तापाचा तक्ता होता. गावच्या मास्तरांकडून तिने तो रोज भरून घेतला होता. दोघं आत गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले.

“काय म्हणाले?” अब्बांनी विचारलं.

“घरी न्या म्हणाले. आता हितं ठिवून उपेग न्हाई.”

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“खरं त्ये सांगितलं, भाऊ. ताप सांगितला, घाम सांगितला. समदं मांडून दाखवलं.”

घाट चढून लोणावळा येईपर्यंत अब्बा खिडकीबाहेरच पाहत होते. मला वाटलं, ते त्या मुलाचा विचार करत आहेत.

*

किरण घ्यायला आम्ही तीन आठवडे भायखळ्याला अब्बांच्या ओळखीच्या घरी राहिलो. रोज सकाळी इस्पितळ. सिस्टर मला टेबलावर निजवायची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायची, मान सोडून बाकी अंगावर शिशाचे जड पत्रे ठेवायची आणि बाहेर जाऊन दार लावायची. मग यंत्र गुणगुणायला लागायचं. वीज कोसळल्यावर हवेला येतो तसा वास यायचा. अंगाला काहीच जाणवत नव्हतं, आणि ते चांगलं की वाईट, हे विचारायला खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मानेची कातडी काळी पडली, मागचे केस उशीवर राहू लागले, अन्नाला तांब्याची चव आली. सिस्टर मंगळूरकडची होती. दार लावण्याआधी ती रोज माझ्या मुठीत कोलन वॉटर शिंपडलेला एक रुमाल ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी मनात म्हटलं, ही इतकी चांगली का वागते आहे, हिला काय माहीत आहे? मग पाहिलं तर ती सगळ्यांनाच रुमाल देत होती. त्यानंतर तो रुमाल मला फार आवडू लागला.

गाठी विरघळल्या. बोटांनी शोधूनही सापडेनात.

*

घरी आल्यावर मी लोकांवर नजर ठेवू लागले. आजारी माणसाला दुसरं काम नसतं. मी खोलीत गेले की बोलणं तांदळाच्या भावावर यायचं. शेजारून खीर यायची, आणि खीर आणणारी दारातूनच परत जायची. माझ्या पेल्याच्या बुडाला एक लाल दोरा बांधलेला दिसला. मी अम्माला काही विचारलं नाही. दोन दिवस फक्त तिच्या देखत तो पेला पालथा घालून ठेवत गेले.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, हा आजार लागत नाही. पण माझा धीर झाला नाही.” मग तिने दोरा सोडला, त्याच पेल्यात पाणी घेतलं आणि माझ्याकडे पाहत सगळं प्याली. पिऊन झाल्यावर म्हणाली, “झालं समाधान?” मला झालं होतं.

माझे सगळेच संशय खोटे नव्हते. पण कुठला खरा आणि कुठला खोटा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि मी विचारत नव्हते.

दर शनिवारी वजन झालं की डॉक्टरांना पत्र जायचं. अब्बांचं इंग्रजी गोदामापुरतं. म्हणून ते मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची. शाळेतल्या नन्सनी माझं अक्षर सुरेख केलं होतं. वर्गात मी कधी हात वर केला नाही, पण सणाच्या पाट्या माझ्याकडून लिहून घेत.

“लिही, वजन शहाण्णव. ताप नाही. घाम नाही.”

मी लिहिलं. धोंडूभाऊंचं आणि अब्बांचं ते बोलणं ऐकून तास झाला नव्हता.

तेवढ्यात मला सगळा उलगडा झाला, असं वाटलं. डॉक्टरांनी अब्बांना पडद्याआड खरं काय ते सांगितलं असणार. ही जगायची नाही. म्हणून ही पत्रं. ती डॉक्टरांसाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत. माझ्याच हाताने लिहून घ्यायची, म्हणजे मला पटेल. पोस्टात टाकायचीच नाहीत. पुरावेही सापडले. डॉक्टरांकडून एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. आणि एकदा अब्बांच्या कोटाच्या खिशात मंगळवारपर्यंत शनिवारचं पत्र होतं.

ही कल्पना मला इतकी पक्की वाटली की मी त्या नाटकात काम करू लागले. जी पत्रं कुणी वाचणार नाही त्यांत काय खोटं आणि काय खरं. मी स्वतःच्या पदरची वाक्यं घालू लागले. भूक चांगली आहे. रविवारी टायगर्स लीपच्या कड्यापर्यंत चालून आले. भरतकाम हाती घेतलं आहे. त्या पत्रांतली मुलगी दर आठवड्याला सुधारत होती आणि मला ती आवडायला लागली होती.

*

इकडे ताप येत होता. संध्याकाळी चढायचा, एकशे दोनपर्यंत. आठ-नऊ दिवस रोज. मग एका सकाळी गेलेला असायचा आणि पुढचे दहा-बारा दिवस मी घरभर हिंडायची. पुन्हा ताप.

“हा धरणाचा ताप,” अब्बा म्हणायचे. आमच्याकडे वलवणच्या धरणाच्या बाजूने डास येतात आणि हिवतापाला लोक धरणाचा ताप म्हणतात. “साऱ्या गावाला येतो. तो काय डॉक्टरला कळवायचा?” ते मला हिवतापावरचं कोयनेल द्यायचे. तापाशी कोयनेलचा काही संबंध दिसत नव्हता. तो आपल्या वेळेला यायचा आणि आपल्या वेळेला जायचा.

सकाळी उठले की अंगातली चोळी पिळून निघेल इतकी ओली असायची. ती मी अम्मा उठायच्या आत धुऊन टाकायची. पोटऱ्यांना खाज सुटायची, पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. मी फणीने खाजवायची. ती फणी मी गादीखाली ठेवत असे. म्हणजे लपवणारी मीही होतेच. डॉक्टरांनी मोजून दाखवलेली यादी मला पडद्याआडून पाठ झाली होती. ताप, घाम, खाज, वजन. चारही घरात येऊन बसले होते, आणि घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून त्यांना झाकत होतं.

एकदा दुकानात कुणी नसताना धोंडूभाऊ म्हणाले, “बाय, गुळाच्या ढेपंला म्या हात लावला तरी मला वजान कळतं. तुमी आता नव्वदच्या खाली गेलाया. मालकास्नी म्या बोलू शकत न्हाई. तुमी बोला.”

मी मान हलवली, पण अब्बांशी बोलले नाही.

*

अब्बांनी असं का केलं, ते त्यांनी मला पुढे वर्षभराने सांगितलं. पण ते इथेच लिहिते, नाहीतर ते वाईट होते असं वाटेल.

ते म्हणाले, “त्या सोमाटण्याच्या बाईने खरं सांगितलं आणि तिला घरी पाठवलं. मी म्हटलं, ताप सांगितला की संपलं. किरण बंद. मग आपण आपला माल चांगला दाखवायचा. जन्मात कधी पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणे ठेवले नव्हते, ते तुझ्या बाबतीत ठेवले.”

म्हणूनच मला तपासणीला मुंबईला न्यायचं ते ताप उतरलेल्या आठवड्यात. ते म्हणायचे, प्रवास झेपला पाहिजे. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यामुळे डॉक्टरांनी मला तापात कधी पाहिलंच नाही.

सोमाटण्याच्या त्या मुलाबद्दलही डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्याला ताप सांगितल्यामुळे घरी पाठवलं नव्हतं. आजार त्याच्या यकृतात आणि हाडांत गेला होता आणि किरण दोनदा देऊन झाले होते. ताप ही फक्त त्याची बातमी होती. बातमी दाबली म्हणून आत चाललेलं थांबत नाही, असं ते म्हणाले. माझ्या बाबतीत ती बातमी वेळेत कळली. पुन्हा फोटो काढला तेव्हा दोन फुप्फुसांच्या मधे गाठी दिसल्या. नळीत रक्त उभं ठेवून ते किती लवकर खाली बसतं तेही पाहिलं. फार लवकर बसलं. मग छातीला किरण दिले. त्या खेपेला मी अंथरुणातून उठले नाही असे दिवस बरेच गेले. ते इथे सांगत नाही.

कामशेतच्या बाईंना माझं सांगणं एवढंच. मुलगी तरुण आहे, गाठ एकाच जागी आहे, ह्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. त्या बऱ्या निघाल्या तर नशीब. पण ताप, घाम, खाज आणि उतरलेलं वजन हे डॉक्टरांच्या कानावर घालणं तुमच्या हातात आहे. त्यावर ते किरण किती आणि कुठे द्यायचे ते ठरवतात. डॉक्टर अजूनही मला बरी झालीस असं म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी ये, असं म्हणतात. मी जाते.

*

आता ती बातमी डॉक्टरांना कळली, त्या दिवसाचं.

किरणांना सहा महिने झाले होते. ताप उतरून चार दिवस झालेले, गालावर थोडा रंग. अम्माने दोन जाड कुडते एकावर एक घालायला लावले होते. डॉक्टरांनी मान चाचपली, काही लागलं नाही. मग त्यांनी टेबलावरची फाईल उघडली.

आत माझी पत्रं होती. सगळी. तारखेवार लावलेली, कोपऱ्याला टाचणी मारलेली. वजनाच्या प्रत्येक आकड्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती. टायगर्स लीपखाली होती. भरतकामाखालीही होती.

म्हणजे ती खरंच पोचत होती. मी अब्बांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

“अक्षर कुणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिचंच,” अब्बा म्हणाले.

“मला इतकी व्यवस्थित पत्रं कुणी पाठवत नाही. म्हणून तर मी उत्तर दिलं नाही. काळजी वाटली तरच मी लिहितो.” त्यांनी अब्बांकडे वळून सांगितलं, “ह्या महिन्यात पुन्हा फोटो आणि किरणांची दुसरी पाळी योजली होती. पण हे सगळं बघता आता गरज दिसत नाही. सहा महिन्यांनी या.”

अब्बांनी टोपी उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. माल खपला होता, आणि आता तो परत घ्यावासा वाटत होता, पण तसं म्हणायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं.

सिस्टर फाईलची फीत बांधू लागली. सोमाटण्याचा मुलगा बसला होता त्या बाहेरच्या बाकाचा मी विचार करत होते. दार उघडं होतं, बाक दिसत होता, आणि त्यावर आज दुसरंच कुणी बसलं होतं. मी तोंड उघडलं तर मीही दहा मिनिटांत बाहेर येईन, असं मला तेव्हा अगदी खरं वाटत होतं. नाही उघडलं तर सहा महिने मिळतील. पण त्या सहा महिन्यांत ती पत्रांतली मुलगी सुधारत राहील, आणि मी नाही.

डॉक्टरांशी मी नेहमी इंग्रजीत, एका-दोन शब्दांत बोलत असे. त्या दिवशी मराठीत बोलले, अब्बांनाही प्रत्येक शब्द कळावा म्हणून. आवाज इतका बारीक आला की सिस्टरने फीत बांधणं थांबवलं, ऐकण्यासाठी.

“ती फाईल बांधू नका. ती पत्रं मी लिहिली आहेत आणि ती खोटी आहेत. मला ताप येतो, आठ-नऊ दिवस रोज येतो आणि मग जातो, आणि तो गेला की आम्ही तुमच्याकडे येतो. सकाळी कपडे भिजलेले असतात. पायांना खाज आहे. वजन नव्वदच्या खाली आहे, किती खाली ते मला माहीत नाही. अब्बांना वाटतं, हे ऐकलं की तुम्ही घरी पाठवाल. पाठवायचं तर पाठवा, डॉक्टर. पण मला बघून पाठवा.”